ट्रेलरमध्ये राहून वर्ष होत आलं: डावं बाक, पाण्याचा पंप आणि माझी लोकर

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, २५ फुटी, एका स्लाइडचा (बाहेर सरकणाऱ्या भिंतीचा), ३० अँपच्या वीजजोडणीचा. बाकीचे आकडे तुम्हाला तोंडपाठ असतील. हे वाचणारा माणूस एक तर घ्यायच्या बेतात असतो, नाहीतर घेऊन बसलेला. न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं यात राहायला आलो त्याला वर्ष होत आलं. गादी, शॉवर, ओटा यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ठीक आहे सगळं. म्हणणं आहे ते डिनेटच्या, म्हणजे जेवायच्या टेबलाच्या, डाव्या बाकाबद्दल.

त्या बाकाखाली ऐसपैस कप्पा आहे. विक्रेत्याने फळी उचलून दाखवला तेव्हाच मी मनातल्या मनात त्यात माझी लोकर लावून टाकली. त्याच कप्प्यात, एका पातळ फळीआड, पाण्याचा पंप बसवलाय हे मात्र त्याने सांगितलं नाही. ट्रेलर लावायच्या पार्कमध्ये नळजोडणी असेल तर पंप लागतच नाही, त्यामुळे सुरुवातीचे महिने तो तिथे आहे याचा पत्ताही नव्हता.

हिवाळ्यात आम्ही ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला गेलो. बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमीन खात्याच्या, साध्या जमिनीवर १४ दिवस झाले की हलावं लागतं. पण इथे लांब मुक्कामाची वेगळी जागा आहे. आम्ही घेतला तो हंगामाचा परवाना १८० डॉलरचा, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. सात महिन्यांना १८०! त्याच भागातल्या खासगी पार्कात एवढ्यात आठवडासुद्धा धड निघत नाही. मी खूश होते. सकाळी ऊन अंगावर घेत बाहेर खुर्ची टाकायची, दुपारपर्यंत स्वेटरच्या पाठीचा भाग विणून व्हायचा. वीज सोलरवर, पाणी टाकीतलं. आणि टाकीतलं पाणी म्हणजे पंप आलाच.

फेब्रुवारीत तो रात्री वाजायला लागला. नळ सगळे बंद, आणि मध्येच घर्र करून दोन सेकंद चालून थांबायचा. नळीतला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो आणि ठरलेला दाब आला की थांबतो. नळ न उघडता वाजतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. ह्यांनी सिंकखाली, शॉवरमागे, संडासाच्या व्हॉल्व्हपाशी टॉर्च मारून पाहिलं. थेंब नाही. थेंब दिसणार कुठून, माझी लोकर पीत होती! लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वरच्या लडी कोरड्या ठणठणीत. तळाशी हात घातला तेव्हा कुबट वास आला आणि भुशाची फळी फुगलेली लागली. पंपाचा प्लॅस्टिकचा आटा रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सैल झाला होता. गडद लाल लडीचा रंग उतरून शेजारच्या साईच्या रंगाच्या मेरिनोवर आला होता. त्या मेरिनोचा स्वेटर सुनेसाठी ठरला होता, माप घेऊन झालं होतं.

आता सेवाकेंद्राची गोष्ट. फोनवर तिथल्या मुलीचा पहिलाच प्रश्न, "तुम्ही यात सुट्टीपुरते जाता की राहताच?" हे म्हणाले, "राहतोच." संपलं. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत लिहिलंय की कायम राहण्यासाठी वापर असेल तर ती लागू नाही. अशी अट बऱ्याच कंपन्यांच्या कागदात असते. घेताना तेवढी ओळ शोधाच. जाहिरातीत मात्र पिकल्या केसांचं जोडपं शेकोटीपाशी बसून "हेच आमचं घर" म्हणतं. बरं, पैसे भरून करून घ्यायचं तर नंबर तीन आठवड्यांनी, तोवर ट्रेलर त्यांच्या आवारात सोडायचा आणि नुसत्या तपासणीचे पैसे वेगळे. घर तुमच्या आवारात सोडून आम्ही झोपायचं कुठे, असं मी विचारलं. "मोटेलची यादी पाठवते," म्हणाली. पाठवलीसुद्धा.

इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा मी पाचपैकी दोन तारे देणार होते. मग दोन गोष्टी झाल्या.

शेजारच्या ट्रेलरमधले एक निवृत्त गृहस्थ रात्रीची घर्रघर्र ऐकून स्वतःच आले. त्यांनी पंपाला जोडलेली कडक नळी काढून हातभर लांबीची लवचिक, जाळीदार नळी लावली आणि पंपाखाली रबराचा तुकडा घातला. तासाभराचं काम. सामान एका हाताने रंगवलेल्या लडीपेक्षा स्वस्त. गळती थांबली, आणि पंपाचा आवाज पहिल्या दिवसापासून असायचा त्याच्या अर्ध्यावर आला. म्हणजे कारखान्यातच एवढं केलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. बदल्यात त्यांना कानटोपी विणून दिली, पैसे घेत नव्हते.

दुसरी गोष्ट, फळी काढल्यावर ओल फक्त पंपाची नव्हती हे कळलं. आपण गॅसवर डाळ-भात-भाजी रोज करणार. एक गॅलन प्रोपेन जळलं की सुमारे पाऊण गॅलन पाणी वाफ होऊन हवेत जातं. ट्रेलर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर जातो, शेगडीचा आतच राहतो. थंडीत ती वाफ खिडकीवर, गादीखाली, बाकात जाऊन बसते. तेव्हा स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी, हे आता पक्कं. विजेची जोडणी असेल तिथे इंडक्शन वापरते. पण ३० अँप म्हणजे ३६०० वॉट. इंडक्शन आणि हीटर एकदम लावले की ब्रेकर पडलाच. अंधारात टाके मोजण्यासारखा वैताग नाही.

विणकामाला ट्रेलर कसा, असं कुणी विचारेल. छतावरचे दिवे थंड पांढरे आहेत, काळ्या-निळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत; मानेवर अडकवायचा दिवा घ्या. ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर विणायचं तर लांब सुया नकोत, गोल सुयाच. आणि जागा कमी असल्याचा एक फायदा आहे: नवीन लोकर आणली की जुनी संपवावी लागते.

फिरण्याबद्दल तक्रार शून्य. ६२ पूर्ण असेल आणि नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा जन्मभराचा पास आधी काढा. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स उद्यानात एका फेरीतच त्यातले २५ वसूल झाले. तिथली वाळू जिप्समची, भर उन्हातही पायाला भाजत नाही. पण आत ट्रेलरचा मुक्काम करता येत नाही, आणि शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी असली की रस्ताच बंद ठेवतात. बोस्के देल अपाचेच्या पक्षी अभयारण्यात पहाटे हजारो पक्षी एकदम उठतात तेव्हा माझे स्वतः विणलेले बिनबोटांचे हातमोजे कामी आले. ॲरिझोनातल्या गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट हे जुनं व्यापारी दुकान १८७८ पासूनचं, करकरणाऱ्या लाकडी जमिनीचं. तिथल्या नवाहो या मूळ रहिवासी जमातीचे गालिचे बघून माझी बोटं शिवशिवली. किमती बघून शांत झाली. त्याच फेरीत उत्तर न्यू मेक्सिकोत चुर्रो मेंढीची लोकर घेतली, हाताला थेट आपल्या घोंगडीसारखी. ही जात १९३० च्या दशकात सरकारने कळप कमी करायला लावल्यावर जवळजवळ संपली होती. गळ्याशी ही लोकर टोचते, पिशवीला उत्तम.

डाव्या बाकात आता कांदे-बटाटे आणि कुकर. लोकर वरच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून.

तारे साडेतीन करते. अर्धा मुद्दाम कापलाय, कारण खिडकीच्या पडद्याची दोरीही गेल्या महिन्यात तुटली. कंपनी नुसती दोरी देत नाही, अख्खा पडदा घ्या म्हणते. मी उरलेल्या सुती धाग्याची क्रोशाची साखळी विणून ओवली आहे, आणि उरलेल्या खिडक्यांसाठीही करून ठेवली आहे.