लग्नाचे कॅन्डिड फोटो आणि लाइटरूम क्लासिक: निवडीत भक्कम, दुरुस्तीत मात्र हात राखून

ॲडोबी कंपनीचे लाइटरूम हे फोटो निवडण्याचे आणि सुधारण्याचे सॉफ्टवेअर २००७ साली बाजारात आले. २०१७ मध्ये त्याच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या आणि संगणकाच्या डिस्कवरील फाइलींवर काम करणारे मूळ रूप ‘लाइटरूम क्लासिक’ या नावाने चालू राहिले. लग्नाचे फोटो हाताळणारे अनेक जण ते मुख्यतः रंग आणि उजेड सुधारण्यासाठी घेतात. माझ्या मते कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता सहज टिपलेल्या, फोटोंच्या बाबतीत त्याचे खरे बळ दुरुस्तीच्या ‘डेव्हलप’ विभागात नाही, तर ज्याकडे घाईघाईने पाहिले जाते त्या निवडीच्या ‘लायब्ररी’ विभागात आहे.

कॅन्डिड फोटोग्राफीत एकाच हास्याच्या आठ-दहा फ्रेम सलग टिपल्या जातात आणि घरी परतल्यावर त्यांतली एक ठेवून बाकीच्या बाजूला काढणे हेच सर्वांत अवघड काम असते. येथे ‘पी’ ही कळ पसंतीसाठी आणि ‘एक्स’ नापसंतीसाठी आहे. कॅप्स लॉक चालू ठेवला, तर खूण करताच पुढचा फोटो आपोआप समोर येतो. त्याहून मोलाची सोय म्हणजे ‘एन’ कळ दाबल्यावर उघडणारा सर्व्हे व्ह्यू. निवडलेल्या सगळ्या फ्रेम एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात, आणि त्यांतली एकेक काढून टाकावी तशा उरलेल्या मोठ्या होत जातात. शेवटी दोनच उरल्या, की ‘सी’ कळेने कम्पेअर व्ह्यूमध्ये दोन्ही फोटोंचा तोच भाग एकाच वेळी मोठा करून पाहता येतो.

या टप्प्यावरच परीक्षणाची खरी कसोटी लागते. समजा, मैत्रीण कानात काहीतरी सांगते आहे आणि वधूला हसू आवरत नाही. एका फ्रेममध्ये पापणीचा केस न् केस स्पष्ट आहे, पण हसू ओसरून चेहऱ्यावर नुसता शिष्टाचार उरला आहे. तिच्या आधीच्या फ्रेममध्ये डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि मान हलल्यामुळे कडा किंचित मऊ झाल्या आहेत, मात्र मैत्रिणीच्या दंडावर वधूची पकडलेली मूठ दिसते. मी दुसरी फ्रेम ठेवीन. धारदारपणा हा कॅन्डिड फोटोचा पहिला निकष मानला, तर अशी चित्रे पहिल्याच फेरीत बाद होतात. म्हणूनच फोटो शंभर टक्के मोठा करून पाहण्यापूर्वी तो लहान आकारात पाहावा, नजर कुठे जाते ते ठरवावे, आणि मगच हात, कडा व पार्श्वभूमी तपासावी.

लायब्ररीची एक बाजू मात्र लंगडी आहे. पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू (पडद्यावर पाहण्यासाठीच्या प्रती) आधी तयार करून ठेवले नाहीत, तर फोटो मोठा करताना दर वेळी थांबावे लागते आणि निवडीची लय तुटते. कॅमेऱ्याने फाइलीत साठवलेले जेपेग (तयार चित्र) थेट दाखवणारे फोटो मेकॅनिक हे दुसरे सॉफ्टवेअर या एका कामात अधिक चपळ आहे. उलट दोन फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे पुढे-मागे असतील, तर लाइटरूमच्या ‘एडिट कॅप्चर टाइम’ने एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवता येते. दोन कोनांतून टिपलेला तोच क्षण मग शेजारी-शेजारी येतो. या सोयीविषयी फारसे कोणी बोलत नाही, हे नवल आहे.

आता दुरुस्तीकडे. लग्नात उजेड क्वचितच एकजिनसी असतो. चेहऱ्याच्या एका बाजूला खिडकीतून येणारा सुमारे ५५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) दिवसाचा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा दिवा असेल, तर व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवण्याचा, एकच आकडा दोन्ही बाजूंना न्याय देऊ शकत नाही. ब्रश किंवा मास्क (फोटोचा ठरावीक भाग वेगळा निवडण्याची सोय) वापरून एक बाजू वेगळी सुधारता येते, पण पिवळेपणा पुरता काढला की दिव्याखाली उभी असलेली व्यक्ती दिव्याखाली वाटेनाशी होते. थोडी ऊब राहू द्यावी. रेफरन्स व्ह्यूमध्ये जमलेला एक फोटो डावीकडे ठेवून बाकीच्यांची त्वचा त्याच्याशी ताडून पाहता येते, आणि प्रीसेट (सुधारणांचा तयार संच) सगळ्यांवर सरसकट लावण्यापेक्षा हा मार्ग सावकाश असला तरी विश्वासाचा आहे. मिश्र उजेड लपवण्यासाठी फोटो कृष्णधवल करणे ही सोपी पळवाट आहे. ती मला वाईट वाटत नाही, फक्त अल्बममध्ये तिची गर्दी होऊ नये.

२०२३ मध्ये आलेले एआय डीनॉइज आयएसओ ६४००च्या, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढलेल्या, फोटोंवर चांगले काम करते. तरीही ते अशा फोटोंत दिसणारे दाणे कमी करते, हललेला हात स्थिर करत नाही; हा फरक विसरून त्याला दोष देणे योग्य नाही. क्रॉपच्या, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याच्या, बाबतीत साधे गणित लक्षात ठेवावे. ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली, की २४ पैकी ६ मेगापिक्सेल उरतात, आणि ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापल्यास त्यांचा जेमतेम दहा इंच लांबीचा प्रिंट निघतो. मनगट किंवा कोपर यांच्या सांध्यावर क्रॉपची कड आणणे तर टाळावेच.

२०२२ पासून सॉफ्टवेअर माणसे ओळखून चेहऱ्याची त्वचा, ओठ, दात, केस यांचे स्वतंत्र मास्क करते, आणि २०२४ मध्ये नको असलेली गोष्ट पुसून तिच्या जागी एआयने चित्र भरणारे जनरेटिव्ह रिमूव्ह आले. कडेला घुसलेले कोपर किंवा भिंतीवरची लटकती वायर काढण्यास माझी हरकत नाही. मागे उभा असलेला, जांभई देणारा पाहुणा काढून टाकावा का, हा प्रश्न वेगळा आहे. तो खोलीत होता. त्याला मिटवल्यावर मागे राहणारे चित्र सुबक असेल, पण त्याला कॅन्डिड म्हणायला मी कचरतो. त्वचेचेही तसेच. टेक्स्चर (त्वचेचा बारीक पोत) उणे करून हसताना पडणाऱ्या सुरकुत्या घालवल्या, की हसू चेहऱ्यापासून सुटल्यासारखे दिसते.

लाइटरूम ६ या आवृत्तीनंतर कायमचा परवाना मिळत नाही, सदस्यत्वच घ्यावे लागते, आणि वर्षातून मोजकीच कामे करणाऱ्याला ते जड वाटेल. सदस्यत्व संपल्यावर डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात. लायब्ररी मात्र उघडते, तेथे फोटो पाहता, लावता आणि एक्सपोर्ट करता येतात.