प्लास्टिकच्या सीटवरचे ओरखडे आणि बावीसशे रुपये

काकांच्या जुन्या रेसिंग सायकलवर सिनेली या इटालियन कंपनीची 'युनिकॅनिटर' सीट आहे. ही सीट 1962 मध्ये आली आणि ताणलेल्या चामड्याऐवजी प्लास्टिकचे कवच वापरणाऱ्या पहिल्या सीटांपैकी ती एक आहे. सायकल वर्षानुवर्षे भिंतीला टेकून राहिल्यामुळे सीटच्या डाव्या कडेला पांढरट ओरखडे पडले होते. पुण्यात असल्या कामांत हातखंडा असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांनी मला आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, खास रसायनाने ओरखडे 'भरून' देण्याची हमी दिली आणि बावीसशे रुपये आगाऊ घेतले.

आठ दिवसांनी सीट परत आली तेव्हा ती आरशासारखी चकाकत होती. इतकी चकाकी त्या सीटला नवी असतानाही नसावी, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. मे महिन्यातल्या पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो आणि उतरून पाहतो तो पिस्तारंगी पँटच्या मागे काळा पट्टा उमटलेला. घरी येऊन स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस सीटवरून फिरवला, तर तो काळाकुट्ट झाला आणि त्याला चक्क बूटपॉलिशचा वास येत होता. ओरखड्यात टाचणीचे टोक घातल्यावर काळ्या मेणाची बारीक वळी बाहेर आली. खालचे ओरखडे होते तसेच होते.

फोन केल्यावर 'प्लास्टिक जुने झाले की रंग सोडतेच' असे उत्तर मिळाले. हे धादांत खोटे आहे. अशा सीटमध्ये रंग प्लास्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो. ओरखडा पांढरा दिसतो तो तिथला रंग गेल्यामुळे नव्हे, तर फाटून उभ्या राहिलेल्या बारीक तंतूंवर प्रकाश विखुरल्यामुळे. म्हणून तिथे काही भरावे लागत नाही, उलट तासावे लागते. नवे ब्लेड आडवे धरून उभे तंतू कापायचे, मग पाण्यात भिजवलेला 400, 800 आणि 1500 नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर) क्रमाने हलक्या हाताने फिरवायचा आणि शेवटी ब्रासोने घासायचे. मी पुढे हेच केले आणि त्यासाठी दोनशे रुपयेही लागले नाहीत. खोल ओरखडे मात्र यानेही पूर्ण जात नाहीत, आणि जातील असे सांगणाऱ्याच्या हाती सीट देऊ नये. काम करून आलेली सीट स्पिरिटच्या कापसाने पुसून पाहिल्याशिवाय पैसेही देऊ नयेत.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. मेण चिकटावे म्हणून त्या गृहस्थांनी आधी भरड पेपर मारला होता आणि त्यात कंपनीच्या नावाची अक्षरे झिजली. आता दिवा तिरपा धरला तरच त्यांतली दोन-तीन वाचता येतात.