रसायनशास्त्राच्या मास्तरणीने वापरलेलं मूडल

नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की आपल्याकडच्या कॉलेजांना एलएमएस, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा ऑनलाइन चालवायची प्रणाली, आठवते. डेमो ठरतात, प्राचार्यांच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर लागतो आणि ‘आमची सिस्टिम स्कॉर्म कम्प्लायंट आहे, मॅडम’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. (स्कॉर्म म्हणजे तयार ऑनलाइन धडे वेगवेगळ्या एलएमएसमध्ये चालावेत म्हणून ठरवलेलं मानक.) मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते, संगणकातली पदवी माझ्याकडे नाही. कॉलेजचं मूडल नावाचं एलएमएस सांभाळायचं काम गळ्यात पडलं तेव्हा बरीच कुरकुर केली होती. आता कोणी काढून घ्यायला आलं तर भांडेन.

कारण एकच, त्यातली प्रश्नपेढी. ‘कॅल्क्युलेटेड’ नावाचा एक प्रश्नप्रकार आहे. मोलॅरिटीचं गणित एकदा लिहायचं, आकड्यांच्या जागी चल ठेवायचे, उत्तराचं सूत्र द्यायचं. मग सोडियम हायड्रॉक्साइड किती ग्रॅम आणि द्रावण किती मिलिलिटर, हे आकडे मुलागणिक बदलतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर टाकून उपयोग नाही, टाकायची तर रीत टाकावी लागते; आणि ती वाचून कोणाला गणित जमलं तर माझं काय जातंय! उत्तरात किती टक्के फरक चालवून घ्यायचा, तेही ठरवता येतं. परीक्षेनंतर आकडेवारीच्या पानावर कोणता प्रश्न किती जणांना जमला ते दिसतं. एखाद्या प्रश्नात एरवी पुढे असलेली मुलंच जास्त चुकत असतील तर त्याचा भेददर्शक निर्देशांक (पुढची आणि मागची मुलं यांच्यातला फरक दाखवणारा आकडा) ऋण येतो. असा प्रश्न दिसला की आधी उत्तरसूची तपासावी.

आणि ही पेढी माझी राहते. प्रश्न एक्सएमएल नावाच्या, संगणकाला वाचता येणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर निघतात, अख्खा कोर्स मूडलच्या एका एमबीझेड बॅकअप फाइलमध्ये मावतो. आमच्याकडे आधी एक विकतची प्रणाली होती. करार संपल्यावर त्यांनी आमचेच प्रश्न आम्हाला पीडीएफमध्ये दिले. पर्याय, गुण, उत्तरं सगळं एका ओळीत चिकटलेलं. उन्हाळ्याची सुट्टी ते पुन्हा टाइप करण्यात गेली. तेव्हापासून कोणत्याही प्रणालीत काय काय आहे यापेक्षा तिच्यातून काय बाहेर काढता येतं, हे मी आधी बघते.

आता मराठीची गंमत. जुने प्रश्नसंच श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ते मूडलमध्ये चिकटवले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतपद्धतीत, नाही. आधी रूपांतर करा, मग फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. लघुउत्तरी प्रश्न मराठीत देताना तर फारच जपावं लागतं. ‘ॲसिड’मधला पहिला वर्ण दोन प्रकारे टाइप होतो: एकच तयार अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, मूडलला नाही. मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं आणि तो ‘मॅडम, माझं काय चुकलं?’ म्हणत स्टाफरूममध्ये येतो. अशा प्रश्नाला दोन्ही रूपं उत्तर म्हणून भरून ठेवावीत. मूडलचं मराठी भाषांतरही अर्धवट आहे, एका पानावर मराठी आणि इंग्रजी बटणं शेजारी शेजारी नांदतात.

स्कॉर्मबद्दल थोडं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून हे मानक आलं, आणि त्याची १.२ ही २००१ सालची आवृत्ती अजूनही सर्वांत जास्त भेटते. मूडल तीच नीट चालवतं. स्कॉर्म २००४ पूर्णपणे नाही, तेव्हा पॅकेज विकत घेताना आवृत्ती विचारावी. १.२ मध्ये ‘मूल कुठवर आलं’ ही खूण साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते. लांबलचक धडा अर्ध्यात सोडला की कधी कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्याचं हे एक कारण. शिवाय बरीच पॅकेजं शेवटची स्लाइड उघडली की ‘पूर्ण’ अशी नोंद करून मोकळी होतात. बोट जोरात चालवणाऱ्याला शंभर टक्के! फ्लॅशवर बनवलेले जुने धडे तर २०२० अखेर फ्लॅश बंद पडल्यापासून मेलेच. एक्सएपीआय हे नंतरचं मानक जास्त बारीक नोंदी ठेवतं, पण त्याला एलआरएस नावाचं वेगळं नोंदकोठार लागतं. आमच्यासारख्या कॉलेजाने इतक्यात त्याच्या नादी लागू नये. एलटीआय १.३ हे जोडणीचं मानक मात्र कामाचं आहे. बाहेरचं साधन त्याने जोडलं की मुलांना वेगळा पासवर्ड लागत नाही आणि गुण मूडलच्या गुणपत्रकात आणता येतात.

मूडल फुकट आहे, सर्व्हर फुकट नाही. सर्व्हरवर आपोआप होणारं क्रॉन नावाचं काम दर मिनिटाला चालत राहावं लागतं, ते अडलं की सूचना जात नाहीत आणि मुलं ‘कळलंच नाही’ म्हणायला मोकळी. सगळ्यांना एकाच वेळी परीक्षेला बसवलं तर लहान सर्व्हर धापा टाकतो, म्हणून मी तुकड्या पाडते. मोबाइल ॲपमध्ये नोट्स आधी उतरवून ठेवता येतात, एसटीने येणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. शिकायला मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मूडलवरची मालिका आहे.

ज्या कॉलेजात सर्व्हर बघायला कोणी नाही, त्यांनी सरळ गूगल क्लासरूम वापरावं. स्कॉर्म पॅकेज त्यात थेट चालत नाही, मूडलसारखी प्रश्नपेढीही नाही, पण गृहपाठ गोळा करायला उत्तम.

आणि विकतचंच घ्यायचं असेल तर डेमोला आलेल्या माणसाला पाच प्रश्नांची चाचणी बनवायला सांगा, त्यात दोन मराठी आणि एक आकृतीचा. मग ती फाइल बाहेर काढून त्याच्यासमोरच दुसऱ्या प्रणालीत चढवून बघा. आमच्याकडे एकाने सांगितलं, ‘एक्सपोर्ट पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय.’ त्याला चहा पाजला आणि पुढचं व्हर्जन घेऊनच या म्हटलं.