बांबूच्या नावाखाली पॉलिस्टरची चादर

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरच आहे. त्यात नागपूरचा मे महिना. पाठ सतत घामाने ओली, घामोळ्याने भरलेली. म्हणून एका प्रदर्शनात ‘100 टक्के बांबू’ अशी पाटी दिसल्यावर मी थांबले. विक्रेता म्हणाला, “ताई, बांबूत जंतू वाढतच नाहीत. आजींची पाठ आठ दिवसांत कोरडी होईल.” चादर हाताला गार आणि मऊ लागली. दोन अभ्र्यांसह 3,200 रुपये मोजले.

तिसऱ्या रात्री आईला कुशीवर वळवलं, तर चादर पाठीला चिकटून वर आली. घाम कापडात मुरतच नव्हता. पाठ लालेलाल झाली होती. त्या रात्री मला स्वतःचाच फार राग आला.

दुसऱ्या धुण्यात चादरीवर बारीक गोळे आले. शेजारच्या शिंपीकाकांनी काठाचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. सुती किंवा रेयॉनचा (लाकूड-बांबूच्या लगद्यापासून काढलेला) धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर!

आणि खरी ‘बांबू’ चादर मिळाली असती, तरी ‘जंतू वाढतच नाहीत’ हा दावा खोटाच होता. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि आम्लाच्या द्रावणात त्याचा धागा काढतात. हे व्हिस्कोस रेयॉन. ते मऊ असतं, घाम चांगला शोषतं, उन्हाळ्यात बरंही वाटतं. पण बांबूचा म्हणून सांगितला जाणारा जंतुनाशक गुण त्यात उरत नाही. अमेरिकेत रेयॉनला नुसतं ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल 2022 मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानसाखळ्यांवर मिळून 55 लाख डॉलरच्या दंडाची कारवाई झाली. तेव्हा बांबूची चादर घ्यायचीच असेल, तर लेबलवर ‘व्हिस्कोस’ किंवा ‘रेयॉन’ लिहिलंय का बघा, आणि तोच शब्द बिलावर लिहून मागा.

माझ्या बिलावर फक्त ‘बेडशीट सेट’ आहे, पत्ता नाही. प्रदर्शन उठलं, फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करायला बसले, तर पहिलाच प्रश्न विक्रेत्याच्या नावाचा आणि पत्त्याचा. लेबलवर काही सापडेल म्हणून अभ्रा उलटा केला. शिवणीत कापलेल्या लेबलची पांढरी कड तेवढी शिल्लक होती.