एन्कोडिंग अडकल्यावर: हँडब्रेक की एफएफएमपेग?

हँडब्रेक आणि एफएफएमपेग ही व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायची, म्हणजे एन्कोड करायची साधनं. हँडब्रेक बटणं दाबून चालतं, एफएफएमपेगला आदेश टाइप करून द्यावे लागतात. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि चित्राच्या दर्जात माझ्या डोळ्यांना तरी कधी फरक दिसलेला नाही. हँडब्रेकच्या पोटातही एफएफएमपेगच्याच लायब्ररी आहेत, आणि एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ प्रकार करायला दोन्हीकडे एक्स२६४ हाच एन्कोडर राबतो. त्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शूटिंगवाल्यांनी निवड करताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो: फाइल अडकली की कारण समोर येतं का?

सगळं सुरळीत असेल तर हँडब्रेकच सोयीचं, यात वाद नाही. लग्नसराईत रात्री फाइलींची रांग (क्यू) लावून झोपायचं. फाइलला नाव मराठीत असो, कन्नडमध्ये असो, मध्ये मोकळ्या जागा असोत, ते कुरकुरत नाही. एफएफएमपेगमध्ये मोकळी जागा असलेलं नाव अवतरण चिन्हांत घालायला विसरलात, की ‘नो सच फाइल’. फुल एचडी चित्र व्हॉट्सॲपसाठी ७२० रुंदीचं करायला गेलात तर उंची ४०५ निघते आणि ‘हाइट नॉट डिव्हिजिबल बाय टू’ म्हणून काम थांबतं. नेहमीच्या ४:२:० रंगपद्धतीत दोन बाय दोन पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद असते, म्हणून सम आकडा लागतो. ‘स्केल’ या आकार बदलायच्या आदेशात उंचीच्या जागी उणे एकऐवजी उणे दोन लिहिलं की मिटलं. हँडब्रेक असला आकडा आपणहून जुळवून घेतं.

तरी माझा कौल फिरला तो एका त्रासामुळे. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गर्दीत, घाईत कुणीतरी रेकॉर्डिंग चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी काढतं. फाइल काही जीबींची दिसते, पण उघडत नाही. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते, आणि बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. ती लिहिलीच गेलेली नसते. अशी फाइल हँडब्रेकला दिली की पडद्यावर एवढंच येतं, की स्रोतात टायटल सापडलं नाही. मग माणूस केबल बदलतो, कार्ड रीडर बदलतो, फाइल पुन्हा कॉपी करतो. खरं कारण ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये, म्हणजे हँडब्रेक ठेवतं त्या कामाच्या नोंदीत, ढीगभर ओळींच्या मध्ये पडलेलं असतं. एफएफएमपेग तीच ओळ तोंडावर सांगतं: ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’. काय करायचं नाही ते लगेच कळतं, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना याची किंमत मोठी असते.

एफएफएमपेग पडद्यावर ओळींचा जो पसारा टाकतं, तो वाचायचीही एक रीत आहे. शेवटची ‘कन्व्हर्जन फेल्ड’ ही ओळ काही शिकवत नाही. तिथून वर जात पहिली तक्रार शोधायची. ग्राफिक्स कार्डावर एन्कोड करताना एनव्हीएन्क (एनव्हिडिया कार्डातला एन्कोडर) अडलं, तर ड्रायव्हर जुना असल्याचंही तिथेच स्वच्छ लिहिलेलं असतं.

आदेश टाइप करायच्या काळ्या खिडकीची धास्ती वाटत असेल, किंवा दुकानात काम करणारी पोरं बदलत असतील, तर हँडब्रेक ठेवायला हरकत नाही. फक्त फाइल अडली की आधी लॉग उघडायची सवय लावा. पण दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतलं फुटेज रोज तुमच्याकडे येत असेल, तर मी तरी एफएफएमपेगच घ्या म्हणेन. आणि मूव्ह नसलेल्या फाइली टाकून देऊ नका. ‘अनट्रंक’ नावाचं साधन त्यातल्या बऱ्याच परत उभ्या करतं. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धड क्लिप लागते, तेव्हा गिऱ्हाइकाला कार्ड परत देण्याआधी ती उतरवून घ्या.