व्हेंटिलेशन किटचे साडेसात हजार घेतले आणि होती ती हवा पण बंद केली

ज्यांच्याकडे कॅम्परव्हॅन आहे किंवा कोणी आतला फ्रिज बदलायच्या विचारात असेल त्यांनी हे वाचाच, जरा लांबलंय पण माझे जवळजवळ साठ हजार यात अडकलेत त्यामुळे तेवढं ऐकून घ्या.

२०२१ ला आपल्या सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून माझ्या आणि मेहुण्याच्या डोक्यात हा किडा होता. शेवटी दोघांनी पैसे काढून एक सेकंडहँड गाडी घेतली, आत दोन बेड, छोटा ओटा, सिंक, सगळं तयार. गाडी उभी असते मुलुंडला भाड्याच्या जागेत कारण सोसायटीने आत घेऊ दिली नाही (ते वेगळंच रामायण आहे, त्यावर परत कधीतरी).

आधीच्या मालकाने त्यात बाहेरून आणलेला थ्री-वे फ्रिज बसवलेला. म्हणजे गॅसवर पण चालतो, १२ व्होल्टवर पण आणि घरच्या लाईटवर पण. त्यात कंप्रेसर नसतो, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालतो, खालून उष्णता दिली की आत गार होतं, आवाज अजिबात नाही. ऐकायला भारी वाटतं. पण बाहेर ३४ आणि ती आपली चिकट दमट हवा, त्यात हा बाबा दिवसभर चालून सुद्धा १४ च्या खाली उतरेना. गाडी जरा उतारावर लावली की अजून रुसतो कारण त्याला सपाट जागा लागते. आणि १२ व्होल्टवर लावला तर सतत १२-१३ अँपिअर खातो, बॅटरीचा जीवच घेतो. म्हणून ठरवलं की १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज टाकायचा. हा निर्णय बरोबरच होता हे आज पण सांगतो, चूक पुढे झाली.

तर या जुन्या फ्रिजच्या मागे गाडीच्या बाजूला दोन पांढऱ्या जाळ्या असतात, एक खाली एक वर. खालून गार हवा आत, मागची तापलेली हवा आणि गॅसचा धूर वरून बाहेर, धुराड्यासारखं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तर कधी लीक झालाच तर खालच्या जाळीतून बाहेर पडावा हा पण हेतू. हे मला आता माहितीय. तेव्हा मला वाटायचं जाळ्या म्हणजे डिझाईन आहे.

कुर्ल्याच्या बाजूला गाड्यांचं आतलं काम करणारा एकजण कोणीतरी सुचवला. गेलो. माणूस गोड, चहा मागवला, बाबांची तब्येत विचारली. म्हणाला, "साहेब टेन्शनच घेऊ नका, कंप्रेसरवाला टाकला की काम खल्लास. घरचा फ्रिज तुम्ही भिंतीला चिकटवूनच ठेवता ना? त्याला कधी जाळी बघितली? मग याला हवा कशाला?" मला पटलं. खरंच पटलं, इथे लाज वाटते लिहायला. पण पुढच्याच मिनिटाला तोच माणूस म्हणतो की तरी आपण प्रॉपर व्हेंटिलेशन किट टाकू, दोन फॅन येतात, आपल्या मुंबईच्या गरमीला लागतात. आत्ता म्हणाला हवा लागत नाही, आता म्हणतो किट टाकू, आणि मी मान डोलावतोय. फ्रिज ४६ हजार, किट साडेसात, मजुरी सहा. एकूण ५९,५०० रोख. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागेल साहेब, अठरा टक्के वाढतील" म्हणून एका लेटरहेडवर हाताने लिहून दिलं. जुना फ्रिज "भंगार आहे, मी टाकून देतो" म्हणून त्यानेच ठेवून घेतला. फ्रिजबरोबर आलेली पुस्तिका मागितली तर म्हणे खोक्याबरोबर गेली.

चार दिवसांनी गाडी दिली तेव्हा फ्रिज चालू होता, आतला काटा ४ वर, बियरची बाटली हातात दिली तर बर्फासारखी. तेव्हा लक्षात आलं नाही की त्याने फ्रिज कपाटात अर्धाच सरकवलेला होता आणि "फक्त दोन स्क्रू राहिलेत" म्हणत होता. मागची बाजू उघडी होती म्हणून गार होत होता हो.

मे महिन्यात गावाला निघालो, सिंधुदुर्गात. बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, त्याला २ ते ८ डिग्री लागतं, शिवाय आईने भरलेले डबे, दही, कोथिंबीर, नेहमीचं. पनवेल सोडलं तेव्हा ५ होतं. कोलाडच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो, माणगावपर्यंत ९. मग १२. फ्रिज बंद पडला नव्हता हां, उलट घूंऽऽ करून सतत चालूच, थांबायलाच तयार नाही. मेहुणा म्हणाला नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. महाडला जेवायला थांबलो तेव्हा १५ आणि कपाटाची फळी बाहेरून हात लावला तर इस्त्रीसारखी गरम. थोड्या वेळाने फ्रिज गपकन बंद. खालच्या पट्टीतून वाकून पाहिलं तर कंट्रोलरवरचा (कंप्रेसर चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) छोटा लाल दिवा पाच वेळा लुकलुकतोय, थांबतोय, परत पाच. इन्सुलिन टाकून दिलं, रिस्क कशाला, महाडच्या मेडिकलमधून नवीन घेतलं आणि थर्मासमध्ये बर्फाबरोबर पण बर्फाला न टेकवता नेलं, कारण गोठलं तरी वाया जातं. दही तर सोलकढीपेक्षा आंबट झालेलं.

परत आल्यावर त्या गॅरेजवाल्याला फोन. "साहेब, घाटात गाडी तापते, फ्रिज पण तापणार." अजून एकदा फोन. "तुम्ही दार सारखं उघडत असाल." तिसऱ्यांदा उचललाच नाही.

मग भांडुपचे एक काका भेटले, मिठाईच्या दुकानांचे काउंटर आणि आइस्क्रीमचे डीप फ्रीजर दुरुस्त करतात, तीस-पस्तीस वर्षं तेच काम. आले, गाडीच्या बाहेर उभे राहिले, फ्रिजकडे बघितलं पण नाही. डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोरची अगरबत्ती मागितली, पेटवली आणि खालच्या जाळीसमोर धरली. धूर सरळ वर. मग वरच्या जाळीसमोर. तिथे पण सरळ वर. आत फ्रिज घरघरतोय, म्हणजे खालून हवा ओढली पाहिजे, धूर आत वळला पाहिजे, पण ढिम्म. काका म्हणाले, "जाळी आहे रे, पण भोक नाही."

जाळी उघडली. मागे एसीपी शीट, तीच जी दुकानांच्या बोर्डाला लावतात, चारही बाजूंनी रिव्हेट आणि वर सिलिकॉन. वर पण तसंच. बाहेरून बघणाऱ्याला जाळी दिसते, आत भिंत. मी काही बोललोच नाही दोन मिनिटं.

मग फ्रिज बाहेर ओढला. दोन फॅन होते, खोटं कशाला बोलू. काँप्युटरच्या कॅबिनेटमधले काळे, एकाच्या पात्यांवर जुन्या धुळीची लोकरीसारखी गुंडाळी, म्हणजे कुठल्या तरी जुन्या पीसीतून काढलेले. एका फॅनची वायर कंट्रोलरच्या मागे नेऊन काळ्या टेपने गुंडाळून ठेवलेली, टोकाला तांबं पण सोललेलं नाही. कुठेच जोडलेली नाही! दुसऱ्याची तर प्लगसकट केबल टायने बांधलेली. काकांनी दाखवलं की त्या कंप्रेसरच्या कंट्रोलरवर फॅनसाठी वेगळं टर्मिनल असतं, एफ लिहिलेलं, आणि फॅन त्याच्या आणि प्लसच्या मध्ये लावायचा, कंप्रेसर चालू झाला की फॅन चालू. ते टर्मिनल कोरं करकरीत. हे डॅनफॉसचं जुनं डिझाईन, आता सेकॉप म्हणतात, आणि त्यात दिव्याच्या लुकलुकीचा अर्थ ठरलेला असतो: एकदा म्हणजे बॅटरी कमी, दोनदा म्हणजे फॅन जास्त करंट खातोय, पाच म्हणजे कंट्रोलरच तापलाय. महाडला तो बिचारा मला ओरडून सांगत होता आणि मी त्याच्याकडे माठासारखा बघत होतो.

काकांनी मागे प्रोबवाला थर्मामीटर टाकून फ्रिज परत आत सरकवला आणि चालू केला. अर्ध्या तासात मागची हवा ५८. बाहेर होती ३३. आता मुख्य गोष्ट ही आहे, आणि हीच मला आधी कोणी सांगितली असती तर हे घडलंच नसतं: फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता काढून मागे टाकतो. ती मागची उष्णता गेलीच नाही तर तोच गरम वारा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या नळ्या) परत परत गिळतो आणि कंप्रेसर दमेपर्यंत पळत राहतो. गॅसवाल्या फ्रिजइतकी हवा लागत नाही हे खरंय, धूर नसतो म्हणून. पण कमी लागते म्हणजे लागतच नाही असं नव्हे, आणि तो गॅरेजवाला नेमका या फटीत घुसला. घरच्या फ्रिजला पण भिंतीपासून जागा सोडायला सांगतात आणि त्याच्याभोवती अख्खी खोली असते. इथे मागे एक बंद खोकं.

आणि आतल्या स्टिकरवर क्लास एन लिहिलेलं निघालं, म्हणजे आजूबाजूची हवा १६ ते ३२ डिग्री असेल तिथल्यासाठी. एसटी म्हणजे ३८ पर्यंत आणि टी म्हणजे ४३ पर्यंत. मुंबईत एन क्लास? ३२ तर इथे सकाळी दहा वाजता होतं. घेताना ते अक्षर बघा, दार उघडल्यावर आत बाजूला बारीक छापलेलं असतं.

बॅटरीचा हिशोब पण सांगतो, कारण गॅरेजवाला वर मला म्हणाला होता की तुमची बॅटरीच खराब. फ्रिज चालू असताना साधारण ५ अँपिअर घेतो. नीट हवा असेल आणि दिवसाचा अर्धा वेळ चालला तर ६० अँपिअर अवर. सतत चालला तर १२०. माझी बॅटरी १०० ची लेड-ॲसिड, तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात. वर वायर त्याने दीड एमएमची टाकलेली, जाऊन-येऊन चौदा मीटर, पाऊण व्होल्टच्या वर तिथेच गळत होता. काकांनी सहाची टाकली.

दुरुस्ती फार मोठी निघाली नाही, याचाच जास्त राग आला. शीट कापून दोन्ही जाळ्या मोकळ्या केल्या. नेटवरून माझ्या मॉडेलची पुस्तिका काढली, त्यात मागे ५ सेंटीमीटर जागा स्पष्ट लिहिलेली, ती सोडली. फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या फटी फोमने बुजवल्या म्हणजे खालची हवा बाजूने पळून न जाता कंडेन्सरवरूनच जाईल, आणि मध्ये एक आडवी पत्र्याची पट्टी म्हणजे वर गेलेला गरम वारा परत खाली येणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून दोन नवीन १२ व्होल्टचे फॅन, साडेतीनशेला एक, आणि एफ टर्मिनलला जोडले. खालच्या जाळीला पावसासाठी बाहेरून तिरकी झडप. जुनी गॅसची लाईन उघड्या तोंडाने तशीच आत सोडलेली होती (!!) ती गॅसवाल्या माणसाकडून बंद करून घेतली. सगळं मिळून साडेपाच हजारात बसलं, काकांची मजुरी धरून. त्यानंतर दुपारी ३५ मध्ये मागची हवा ४२-४३ आणि आत ५. एन क्लास असल्यामुळे दुपारी अजून धापा टाकतो, पण थांबतो तरी.

गॅरेजवाल्याकडे फोटो घेऊन गेलो. चहा नाही आला यावेळी. म्हणतो, "वॉरंटी कंप्रेसरवर आहे, गरमीवर नाही," आणि शीट पावसाचं पाणी येऊ नये म्हणून लावली. फॅनच्या वायरीबद्दल म्हणे पोरगा विसरला. बिलावर "वेंटीलेशन कीट फिटिंगसह" असं त्याच्याच अक्षरात आहे, ते दाखवल्यावर पाच हजार द्यायला तयार झाला, जुन्या फ्रिजचं नाव काढलं तर बोलणंच बंद. मी पाच हजार घेतले नाहीत. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीय, तिथे नाही झालं तर जिल्हा आयोगात जाणार. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, त्याच्या दारात जायची गरज नाही. हाताने लिहिलेलं का होईना, तो कागद मी फेकला नाही एवढंच माझं नशीब.

त्या दिवशी निघताना त्याच्या गॅरेजबाहेर एमएच ४३ ची एक व्हॅन उभी दिसली, बाजूला तशाच दोन पांढऱ्या जाळ्या, धुऊन पुसून चकचकीत. मालक काही दिसला नाही. एका कागदावर "पैसे द्यायच्या आधी जाळीसमोर अगरबत्ती धरून बघा" असं लिहून वायपरखाली ठेवून आलो. पाऊस सुरू झालेला, भिजला असेल बहुतेक.