मागून येणारी घूंऽ घूंऽ आणि अक्कलकोट रोडवरचं गॅरेज

तुळजापूरहून येताना ६० च्या पुढे माझ्या जुन्या फोर बाय फोरच्या मागून घूंऽ घूंऽ यायची, सीट थरथरायची. आधीच्या मिस्त्रीनं न चालवताच ‘डिफरन्शियल उघडावं लागतंय’ (म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) म्हणत १५,००० सांगितले होते. अक्कलकोट रोडच्या गॅरेजचे हे मिस्त्री मामा आधी स्वतः गाडीत बसले. अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज तसाच, म्हणजे बहुधा डिफरन्शियल नव्हे. डावीकडं वळवली की वाढायचा. ‘वजन उजवीकडं पडतंय बघा, उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय.’ जॅकवर चाक फिरवून मला स्प्रिंगवर बोटं ठेवायला लावली. खरखर चक्क हाताला लागली! थरथर मात्र वेगळी, प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसची, म्हणजे सांध्याची. तो हातानंच खुळखुळत होता. दोन्ही मिळून ३,८००. दुपारी शटर बंद असतं, फोन उचलत नाहीत. मी उन्हात तासभर उभा होतो.